नानांच्या डोक्यामागचं तेज

देवानं साडू नावाचं नातं निर्माण केलं ते केवळ माणसाला आपल्या सहनशक्तीचा तळ दिसावा म्हणून, असं माझं ठाम मत आहे. भाऊ असता तर भांडता आलं असतं, मित्र असता तर तोडता आलं असतं. साडूचं काय करणार? त्याची बायको ही आपल्या बायकोची सख्खी मोठी बहीण. त्यामुळे दर शुक्रवारी, हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, अल बर्शातल्या आमच्या घरून शारजात अल मजाजला त्यांच्या घरापर्यंत गाडी रेटत जायचं, आणि दार उघडताच "या, बसा" ऐवजी ऐकायचं, "कपडे बाहेरच झटका. निगेटिव्ह धुऊन वाळत घातल्यात, धूळ आणू नका." अहो, आम्ही वाळवंटात राहतो! इथे धूळ आणायची नाही तर काय आणायचं, दव?

हे गृहस्थ पूर्वी असे नव्हते. एका मोठ्या बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होते, गळ्यात आयकार्ड होतं, आणि आमच्यासारखेच ते बॉसच्या नावानं बोटं मोडायचे. मग मंदी आली. त्यांचा टॉवर अर्ध्यातच थांबला, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि कंपनीनं यांना बिनपगारी लाँग लीव्हवर घरी बसवलं. "काम सुरू झालं की बोलावतो, इन्शाल्ला," असं मॅनेजर म्हणाला. इथे हा शब्द कोणत्या सुरात म्हटला जातो त्यावरून काम होणार की नाही ते कळतं. सूर काही बरा नव्हता. दुसरा कुणी असता तर सीव्ही पाठवत बसला असता. हेही पाठवायचे म्हणा, पण दहा मिनिटं. उरलेला दिवस त्यांनी एक स्कॅनर आणून जुन्या फिल्मचे फोटो कॉम्प्युटरवर चढवायला आणि त्यांना धार लावायला वाहिला.

धार लावणं हा त्यांचाच शब्द. स्कॅन केलेला फोटो जरा मवाळ, दूध घातल्यासारखा येतो. तो कॉम्प्युटरवर शार्प करावा लागतो, म्हणजे कडा उठून दिसतात. सामान्य माणूस बटण दाबतो आणि जेवायला उठतो. आमचे साडू एका नाकपुडीवर गुरुवार घालवायचे. का, तर जास्त शार्प केलं की गडद कडेच्या शेजारी पांढरी किनार उमटते आणि गालावर फिल्मचे कण रव्यासारखे दिसायला लागतात. "फोटो खुसखुशीत नको, खरा हवा," हे त्यांचं ब्रीदवाक्य. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला चकल्या आवडेनाशा झाल्या.

बरं, हे वेड घरापुरतं असतं तर एक वेळ ठीक. पण ती पांढरी किनार त्यांना जगभर दिसायला लागली. शेख झायेद रोडवर मी जीव मुठीत धरून लेन बदलतोय आणि हे शेजारून ओरडताहेत, "बघा, बघा! त्या होर्डिंगवरच्या बाईच्या खांद्याला बघा!" मी दचकून ब्रेक मारला. मागच्यानं हॉर्न ठोकला. "रेडियस जास्त झालाय, किनार बघा केवढी रुंद," हे शांतपणे म्हणाले. एकदा सगळे जेवायला गेलो, तर मेनूकार्डावरच्या बिर्याणीकडे पाहून यांनी वेटरला बोलावलं आणि विचारलं, "भैया, ये फोटो किसने शार्प किया?" तो बिचारा केरळी माणूस म्हणाला, "सर, शेफ छुट्टी पे है." आणि चष्म्याच्या दुकानात तर कहरच. तिथला मनुष्य काच बदलून विचारतोय, पहिली बरी की दुसरी? हे म्हणतात, "दुसरी शार्प आहे, पण पहिली खरी आहे." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. ओळख दाखवायची काही गरज नव्हती.

घराची तर पार दैना. खालिद लगूनचं पाणी हॉलमधून दिसतं म्हणून ताईनं, म्हणजे माझ्या मेहुणीनं, हट्टानं घेतलेला तो फ्लॅट. पण उजेडानं स्क्रीनवरचे रंग फसवतात म्हणून पडदे दिवसभर बंद. वाऱ्यानं धूळ उडते म्हणून स्कॅन चालू असताना एसी बंद. जून महिन्यात, शारजात, एसी बंद! आम्ही सगळे घामानं निथळत, टॉवेल गळ्यात टाकून बसायचो आणि हे पेंटिंगच्या ब्रशनं निगेटिव्ह झाडत असायचे. त्यांची मुलगी खोलीतूनच ओरडायची, "बाबा, इट्स जस्ट अ फोटो!" त्यावर हे असे बघायचे, जणू पोरीनं देवाला पाय लावला.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्यानं आमच्या दोन्ही घरांत महाभारत झालं. आमचे सासरे, म्हणजे साताऱ्याचे नाना, आदल्या वर्षी गेले. सासूबाई दोन्ही लेकींकडे राहायला म्हणून व्हिजिट व्हिसावर इथे आलेल्या. पहिल्या वर्षश्राद्धाचे विधी साताऱ्यात पुतण्या करणार होता. इथे आम्ही नानांचा फोटो मांडून, हार घालून, पान वाढणार होतो. आणि फोटोच नव्हता! जन्मभर कॅमेरा नानांच्याच गळ्यात. त्यामुळे घरात मांजराचे फोटो आहेत, विहिरीचे आहेत, पाहुण्यांच्या स्कूटरचे आहेत, नानांचे नाहीत. होता एक ओळखपत्रावरचा, त्यात ते फरारी आरोपी दिसतात. खरा फोटो एकच, तोही फक्त निगेटिव्हमध्ये: साडूंच्या पहिल्या दिवाळसणाला नव्या जावयानं कॅमेरा हातात घेऊन काढलेला. आणि काढताना जावयाचा हात हललेला. त्यामुळे नानांचा फोटो हललेला तो हललेलाच, छापायचंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सासूबाईंची एकच इच्छा होती, की तिथीला नाना समोर दिसावेत. त्या कधी घाई करायच्या नाहीत. रोज सकाळी फक्त विचारायच्या, "झाला का हो जावईबापू?" आणि हे म्हणायचे, "डावा डोळा बाकी आहे." दोन आठवड्यांनी विचारलं तरी डावाच डोळा. मी म्हटलं, "साडूभाऊ, हात हललेला फोटो कॉम्प्युटर सरळ करू शकतो का?"

"नाही," ते म्हणाले. "धार लावता येते, जे टिपलंच नाही ते आणता येत नाही."

"मग करताय काय इतके दिवस?"

"जेवढं आहे तेवढं बिघडू न देता वर काढतोय."

माझा पारा चढला. मी बरंच बोललो. तिथी तोंडावर आलीय, त्या माउलीचा व्हिसा संपत आलाय आणि तुम्ही डोळ्यात काय शोधताय, असं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाले, "अहो, टॉवर थांबला तो काही माझ्यामुळे नाही. नोकरी जाईल तीही माझ्यामुळे नाही. हा फोटो मात्र मी हलवलाय. एवढा एक तरी मला नीट करू द्या." मी टॉवेलनं मान पुसली आणि गप्प बसलो.

पण माझी बायको गप्प बसणाऱ्यातली नाही. तिनं स्कॅनची कॉपी पेनड्राइव्हवर घेतली आणि शारजातल्याच रोला भागातल्या एका स्टुडिओत दिली. तिथल्या पोरानं चहा संपायच्या आत काम उरकलं. "खलास मॅडम, एकदम फुल शार्प कर दिया!" भली मोठी फ्रेम ताईच्या घरी आली. मी पाहिली आणि मला साडूंचं म्हणणं आयुष्यात पहिल्यांदा कळलं. नानांच्या मिशीचा एकेक केस तारेसारखा, गालावर बारीक रवा, हसू गेलेलं आणि नुसते ताणलेले ओठ उरलेले. आणि डोक्याभोवती, खांद्यापर्यंत, लखलखीत पांढरी किनार.

सासूबाईंनी फ्रेम पाहिली आणि हातच जोडले. "बाई गं, काय हे तेज!" शेजारच्या कुलकर्णी वहिनी धावत आल्या. त्यांनीही पदर खांद्यावर घेऊन नमस्कार केला. "शेवटी पुण्यवान माणूस होते हो. फोटोतसुद्धा लपत नाही बघा." पंधरा मिनिटांत अर्धा मजला दर्शनाला जमला. एकीनं तर उदबत्ती लावली. नाना हयात असताना पत्त्यांत सर्रास लबाडी करायचे, हे सांगायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

इतक्यात आतून साडू आले. त्यांनी फ्रेम पाहिली आणि त्यांचा आवाज फाटला. "हे तेज नाही! ही चूक आहे! रेडियस वाढवून ठेवलाय मेल्यानं!"

"अहो, हळू," ताई म्हणाली. "देवासमोर आहात."

"देव कसला? नाना आहेत ते! नव्हे, नानाही नाहीत ते!" आणि हे तरातरा खोलीत गेले, दार लावून घेतलं. कुलकर्णी वहिनी हळूच म्हणाल्या, "नोकरीचं टेन्शन असेल." मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

तिथीच्या दिवशी सकाळी तेजस्वी नाना पाटावर मांडले, चंदनाचा हार घातला, पान वाढलं. साडू सोवळं नेसून खाली मान घालून बसले होते. नैवेद्य झाल्यावर ते उठले, आतून पोस्टकार्डाएवढा एक फोटो आणला आणि सासूबाईंच्या हातात दिला. मी मागून डोकावलो. खरं सांगतो, मला वाटलं होतं काहीतरी चमत्कार असेल. तसलं काही नव्हतं. फोटो थोडा हललेलाच होता, कण होते तसेच ठेवलेले. फक्त चष्म्याची कडा आणि डोळे तेवढे हलक्या हातानं वर आलेले. आणि नाना हसत होते. तोंड दाबून, खांदे हलवत, समोरच्या माणसाची मजा वाटून.

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. ताईनं दुसरा हार पुढे केला, तर त्यांनी तिचा हात बाजूला सारला. "घातलाय तो पुरे. ह्यांना नको गं हार. हे अजून हसताहेत." मग साडूंकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही ह्यांना हलू नका, हलू नका म्हणून दम देत होता, आणि हलत होता तुम्ही स्वतः. हे मला नंतर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, पोरगा जीव तोडून काढतोय गं, पण हात हलला त्याचा. फोटो काही यायचा नाही."

साडूंसारखा इतका चिवट माणूस, कंपनीचं घरी बसायचं पत्र आलं तेव्हाही ज्यानं नुसता चष्मा पुसला होता, तो सोवळ्याच्या टोकानं डोळे टिपत उभा राहिला. पुढच्या महिन्यात नोकरी गेलीच आणि ते सगळे पुण्याला कायमचे निघून गेले. माझे शुक्रवार मोकळे झाले आणि त्या मोकळ्या शुक्रवारांचं काय करायचं ते मला आजही नीटसं कळलेलं नाही. पण त्या सकाळी सासूबाईंनी तो फोटो पदराखाली छातीशी धरला होता आणि दुसरा हात साडूंच्या डोक्यावर ठेवला होता.

"आला हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "फोटो आला."