बाहेरून लावलेली कडी

नोकरीत मी पुष्कळ मृतदेह पाहिले, पण पारशिवनीकडच्या एका गावात, टिनाच्या खोलीत पडलेला तो म्हातारा आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी तिथे ठाणेदार होतो. मे महिना होता. ऊन लागून म्हातारा गेला, एवढाच निरोप पोलीस पाटलाने दिला आणि आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. मुलगा नागपूरजवळच्या मिहान उद्योगनगरीतल्या एका कंपनीत कामाला. सकाळी गेला की अंधार पडल्यावर परतायचा. दिवसभर घरात म्हातारा आणि सून, दोघंच.

पंचनामा करताना म्हाताऱ्याच्या हातांची बोटं सोललेली दिसली. "पडले असतील," सून म्हणाली. मी प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा शेजारी ठाण्यात आला. संत्र्याची बाग असलेला, देवधर्म करणारा गृहस्थ. बाकावर टेकत म्हणाला, "साहेब, बुढा दुपारभर दार ठोकून राहिला होता. कडी बाहेरून होती."

"मग तुम्ही उघडली का नाही?"

"दुसऱ्याच्या घरात काहून पडा म्हटलं."

सुनेला बोलावलं. तिच्याजवळ महिला शिपाई बसवली. किती विचारलं तरी "मले माहीत नाही" याच्या पुढे ती जाईना. अशा वेळी दरडावून उपयोग नसतो, माणूस आणखी मिटतो. मी शेजाऱ्याचा जबाब शांतपणे वाचून दाखवला. दार ठोकल्याचा उल्लेख आला तशी ती ताठ झाली.

"त्याले आता ऐकू आलं?" ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून हा बुढा मले त्याच खोलीत कोंडे. माहेरी फोन केला, कोंडलं. भाजी खारट झाली, कोंडलं. मी बी दार ठोकलं जी, बोंबलली. तवा कोनी ठाण्यात नाही आलं."

"नवऱ्याला सांगितलं नाही?"

"सांगतलं. तो म्हने, बापाले काय बोलू?" मग आवाज उतरला. "मी कडी लावली अन् माहेरी निघून गेली. एक दिवस त्याले बी समजू दे म्हटलं. सांजच्याले येऊन कडी काढली, तं तो गेला होता. मरावा म्हनून नाही लावली."

शेजाऱ्याला मी पुन्हा बोलावलं. "तिचाही आवाज येत होता?"

"येत होता जी," तो खाली पाहत म्हणाला.

शवविच्छेदनात उष्माघातच निघाला. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं, तिला शिक्षा झाली. तिला कोंडून ठेवणं हाही कायद्याने गुन्हाच, पण तो करणारा मेला होता आणि मेलेल्यावर खटला चालत नाही. निकालाला नवरा आला नाही. शेजारी मात्र गरज नसताना आला होता. नागपूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात त्याने मला गाठलं.

"साहेब, माझ्यावर कोनतं कलम लागते?"

"कोणतंच नाही."

"मंग हे पाप झालं का? महाराजाले विचारलं. पूजा घालून मोकळा हो म्हने. घातली."

त्याच्या चेहऱ्यावर मोकळं झाल्याची कुठलीच खूण नव्हती. मी जीपकडे चालू लागलो.

गुन्ह्याला कलम असतं, पापाला प्रायश्चित्त. त्या बाईवर वर्षानुवर्षं जे झालं त्याला अन्याय म्हणतात, हे गावात प्रत्येकाला कळत होतं. पण सगळे त्याला घरगुती बाब म्हणत राहिले. आणि तसं म्हटलं की कुणालाच जागचं उठावं लागत नव्हतं.