धुतलेली अंडी

वसुंधराताई दिघ्यांचं स्वच्छतेचं वेड शहराच्या एका टोकाच्या हरणीपासून दुसऱ्या टोकाच्या गोरव्यापर्यंत सगळ्या ओळखीपाळखीच्यांना ठाऊक होतं. दुधाची पिशवी धुऊनच फ्रिजमध्ये जायची. कोथिंबीर तीन पाण्यांतून निघायची. करोनाच्या दिवसांत तर त्यांनी वर्तमानपत्रालाही इस्त्री केली होती. नवरा श्रीकृष्णराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, म्हणायचे, "एक दिवस मलाही भिजत घालशील." ताई म्हणायच्या, "घातलं असतं हो, पण तुमचा रंग जायचा."

आता अशा बाईने आयुष्याची पंधरा वर्षं मगरींच्या चिखलात घालवावीत, याला काय म्हणायचं? पण ते घडलं खरं. एका पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी चढलं आणि ताईंच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा फुटांची मगर येऊन बसली. अख्खी सोसायटी गच्चीवर. ताई तेवढ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर खराटा घेऊन उभ्या, आणि मगर पकडायला माणसं येईपर्यंत दोन तास तिच्याशी बोलत होत्या म्हणे. "बस बाई, बस तिथेच, कोणी काही करत नाही तुला." मगर पकडायला आलेल्या प्राणिमित्र संस्थेच्या पोरांना वाटलं, ही बाई आपल्याला हवी. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं चिडलेल्या पालकांना शांत करून ताईंची जीभ तयार झालेलीच होती. मग संस्थेचा मदतीचा फोन ताईंच्या घरी आला तो कायमचाच. "बेन, मगर आवी छे!" असा फोन आला की ताई आधी विचारायच्या, "आली तर आली. तुम्ही जेवलात का?" समोरचा गोंधळायचा, आणि गोंधळला की ओरडायचं विसरायचा.

फोनवर ताई, आणि प्रत्यक्ष मगरीपाशी हार्दिक. गोरव्याच्या एका कारखान्यात माल पोचवणारा छोटा टेम्पो चालवायचा. अंगाने सडपातळ, बोलायला कमी, पण मगरीच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकावं ते त्यानेच. बारा वर्षांत त्याच्या हातून ना मगरीला ओरखडा ना माणसाला. ताईंशी गुजरातीत बोलायचा, ताई मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघांचं झकास चालायचं. "माझा तिसरा मुलगा," असं त्या लोकांना सांगायच्या. हे सांगताना आता त्यांची जीभ अडखळते.

यंदा वन्यजीव सप्ताहात सत्काराचं पत्र आलं. जनावरांचे डॉक्टर, वनरक्षक आणि स्वयंसेवक अशा अकरा जणांचा मान होणार होता, त्यात ताईंचं नाव पहिलं. पत्रासोबत कार्याची माहिती छापली होती. तिसऱ्या ओळीत होतं, 'नदीकाठच्या खोदकामात उघड्या पडलेल्या घरट्यातील सत्तावीस अंड्यांच्या बचावकार्यात मोलाचा सहभाग.'

"पेढे आणू का?" श्रीकृष्णरावांनी विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

ती अंडी अडीच वर्षांपूर्वीची. एप्रिलचं ऊन. नदीकाठी कसल्याशा भिंतीसाठी यंत्राने माती ओढली आणि आत घरटं निघालं. यंत्र चालवणारा भला माणूस, त्याने काम थांबवून फोन केला. मादी पाण्यात दहा हातांवर फुसफुसत होती. घरटं पार मोडलं होतं, परत बुजवण्यात अर्थ नव्हता. वनखात्याच्या परवानगीने अंडी संस्थेच्या गोरव्यातल्या शेडमध्ये वाळूच्या पेटीत ठेवायची ठरली. उचलण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली मारली. कारण मगरीच्या अंड्यात जीव वरच्या सालीला आतून चिकटलेला असतो. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं, मगरीचं फिरवलं की संपलं. वरची फुली वरच राहिली पाहिजे. हे ताईंनी शाळाशाळांतून पोरांना शंभर वेळा सांगितलेलं.

हार्दिकने त्या दिवशी टेम्पो असा चालवला की मागून सायकलवाले पुढे जात होते. एकदाच, फाटकाजवळ एक स्कूटर आडवी आली, तेव्हा ब्रेक लागला. शेडमध्ये पोचल्यावर त्याने स्वतःहून सांगितलं, "बेन, एक ब्रेक जोरात लागला." ताई म्हणाल्या, "लागू दे रे. फुल्या सगळ्या जागेवर आहेत."

आणि होत्याच जागेवर. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होत्या.

चार वाजता वर्तमानपत्राचा फोटोवाला यायचा होता. तीनला शेडमध्ये ताई एकट्याच. पेटीकडे पाहिलं तर अंडी तांबड्या चिखलाने माखलेली. शी! फोटोत कशी दिसतील? लोक म्हणतील, संस्थेत साधी स्वच्छता नाही. ताईंनी परातीत कोमट पाणी घेतलं, मलमलचं फडकं घेतलं, आणि एकेक अंडं उचलून अगदी हलक्या हाताने धुवून टॉवेलवर ठेवलं. एक, दोन, पाच, आठ. आठव्याला फडक्यावर करडा डाग दिसला. डाग पेन्सिलीचा होता. टॉवेलवरची आठही अंडी पांढरीशुभ्र झाली होती, कुठेही गडगडून कशीही पडली होती, आणि एकावरही फुली नव्हती.

इथवर चूक होती. इथे हात थांबला असता तर ताईंना आज सुखाने पेढे खाता आले असते. पण पेटीत आठ पांढरी आणि एकोणीस मळकी अंडी दिसली असती, कोणीतरी विचारलं असतं, आणि वसुंधरा दिघेंना, पोरांना शिकवणाऱ्या ताईंना, सांगावं लागलं असतं. ताईंनी उरलेली एकोणीसही धुतली. डोळे उघडे ठेवून. मग अंदाजाने सगळ्यांवर नव्या फुल्या काढल्या. मनाशी म्हणाल्या, निम्मी तरी बरोबर पडली असतील. फोटो सुंदर आला.

जूनमध्ये एकही पिल्लू निघालं नाही. संस्थेच्या डॉक्टरांनी अंडी फोडून पाहिली. जीव वाढीला लागून सुरुवातीलाच गेले होते, आणल्यानंतर दोन-चार दिवसांत. "वाहतुकीत धक्का बसला असणार," डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी हार्दिककडे पाहिलं. हार्दिकने मान खाली घातली. "ब्रेक लागला होता," तो म्हणाला. ताईंच्या तोंडाशी शब्द आले होते, देवाशप्पथ आले होते. पण त्यांनी गिळले, आणि वरून म्हणाल्या, "जाऊ दे, मुद्दाम केलं नाहीस ना?" मेलं हे वाक्य! ते आठवलं की आजही ताईंना स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

त्यानंतर हार्दिक आला नाही. आधी म्हणायचा गाडी दुरुस्तीला आहे, मग फोन उचलेना. त्याच पावसाळ्यात त्याला मुलगी झाली असं कळलं. ताईंनी झबलं-टोपडं पाठवलं, स्वतः गेल्या नाहीत. कोणत्या तोंडाने जाणार? मगरीचे फोन येत राहिले, दुसरी पोरं जात राहिली, आणि एकदा सावली गावाच्या बाजूला दोर चुकीचा पडून मगरीचा जबडा फाटला, तेव्हा सगळे म्हणाले, हार्दिक असता तर. ताई फोन ठेवून बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

सत्काराच्या आदल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. श्रीकृष्णरावांनी चष्मा पुसला, आणि म्हणाले, "अगं, अंडी गेली ती गेली. आता कशाला उकरून काढतेस? शाल घे, नारळ घे, घरी ये."

"आणि हार्दिक?"

"तो विसरलाही असेल."

"अहो, मी नाही विसरले, तो कसा विसरेल?" ताई म्हणाल्या, आणि त्यांनी हार्दिकला फोन लावला. नंबर अनोळखी दिसावा म्हणून श्रीकृष्णरावांच्या मोबाइलवरून. त्याने उचलला. "उद्या माझा सत्कार आहे. तू यायचंस. बायको-मुलीला घेऊन." हार्दिक इतका खूश झाला की ताईंना फोन धरवेना. "येणार म्हणजे येणारच, बेन," तो म्हणाला, "तुमचा नाही तर कोणाचा करायचा?"

सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत हार्दिक, इस्त्रीचा शर्ट घालून. शेजारी त्याची बायको दीप्ती, तिच्या मांडीवर दोन वर्षांची पोर. ताईंचं नाव पुकारलं. शाल पडली, नारळ हातात आला. बोलायला सांगितलं तेव्हा ताईंनी लिहून आणलेला कागद उघडलाच नाही.

"त्या सत्तावीस अंड्यांबद्दल छापलंय ते खोटं आहे," त्या म्हणाल्या. "ती मी मारली. फोटोत स्वच्छ दिसावीत म्हणून मी ती चुकून धुतली, फुल्या गेल्या, अंडी फिरली. दोष हार्दिकभाईंवर आला. त्यांच्या गाडीचा काही दोष नव्हता. मी अडीच वर्षं गप्प बसले. मला क्षमा करा."

मग पहिल्या रांगेतल्या साहेबांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. लोक उठून उभे राहिले. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली की असा प्रामाणिकपणा आज कुठे बघायला मिळतो! अहो, टाळ्या कसल्या वाजवता? त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. तिघांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

ताई शाल सावरत, जवळजवळ पळतच बाहेर आल्या. हार्दिक टेम्पोपाशी किल्ली हातात धरून उभा होता, आणि दीप्ती मुलीला कडेवर घेऊन रस्त्यावर रिक्षा थांबवत होती.

"अगं, गाडी आहे ना? मग रिक्षा कशाला?" ताईंनी विचारलं.

दीप्तीने नवऱ्याकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "हे बेबीला गाडीत बसू देत नाहीत, बेन. ती जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी आणायलासुद्धा रिक्षाच केली. म्हणतात, माझ्या हाताने धक्का बसतो. आम्ही रिक्षाने पुढे जातो, हे टेम्पो घेऊन मागून येतात. दोन वर्षं झाली."

ताई हार्दिककडे वळल्या. "हार्दिक," त्या म्हणाल्या, "मी आत सांगितलं रे सगळं."

हार्दिकने पहिल्यांदा मान वर केली. बारा वर्षं मगरी हाताळलेला माणूस तो, त्याला काय विचारायचं ते बरोबर ठाऊक होतं. "बेन, धुताना चोळलं की पेन्सिल लगेच जाते. पहिल्या दोन-चारांतच दिसलं असेल. सगळी सत्तावीस चुकून कशी धुतली गेली?"

रिक्षावाला मीटर पाडू का म्हणून विचारत होता. ताईंना आत वाजलेल्या टाळ्या आठवल्या, आणि इथे खोटं बोललं तर तेही चालून जाईल हेही कळलं.

"आठ चुकून," त्या म्हणाल्या. "एकोणीस मी मुद्दाम धुतली. सगळी सारखी दिसावीत म्हणून. कोणी विचारू नये म्हणून."

हार्दिक ऐकत राहिला. डोळ्यांत पाणी नाही, राग नाही, काहीच नाही. मग सावकाश म्हणाला, "आत लोक टाळ्या वाजवतात, बेन. मला नाही वाजवता येत."

"नकोच वाजवूस," ताई म्हणाल्या.

त्याने रिक्षावाल्याला जायला सांगितलं. दीप्तीच्या कडेवरून मुलीला घेतलं, टेम्पोचं दार उघडलं आणि तिला मधल्या जागेवर बसवलं. दीप्ती बाजूला चढली. पोरगी समोरच्या काचेला हात लावून हसत होती, तिला काय, नवी गंमत. हार्दिकने गाडी सुरू केली. ताईंकडे पाहिलं नाही, येतो म्हणाला नाही. टेम्पो फाटकातून बाहेर पडला, रहदारीत शिरला आणि दिसेनासा झाला.

संस्थेचा उत्कर्ष धावत बाहेर आला. "ताई, चला ना, सगळ्यांचा एकत्र फोटो आहे. साहेब म्हणतायत, काय मोठं मन आहे या बाईंचं!"

ताईंनी शाल काढून त्याच्या हातात दिली.

"फोटो राहू दे," त्या म्हणाल्या. "माईक बंद करू नका. माझं सांगायचं अजून एकोणीस अंड्यांचं राहिलंय."