विसरलेलं एक अक्षर

मंगळवारी माझे वडील, अण्णा, गेले. तेराव्यानंतर मी त्यांचा संगणक उघडला. ज्या जुन्या मासिकात त्यांची एकमेव कथा छापून आली होती, त्याची मोठी फाइल ते महिनाभर उतरवून घेत होते. गावातलं इंटरनेट मध्येच तुटायचं. फाइल उतरवण्यासाठी संगणकावर टाइप करायची आज्ञा मी त्यांना कागदावर लिहून दिली होती. तुटलं तिथून पुढे नेणारं ‘सी’ हे अक्षर तेवढं लिहायचं विसरलो होतो.

“अरे, हे परत पहिल्यापासून सुरू होतंय,” ते फोनवर हसून म्हणाले होते. “माझ्यासारखंच आहे. मध्ये कुणी बोललं की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून!”

“नंतर बघतो, अण्णा.” असं मी तीनदा म्हणालो.

फोल्डरमध्ये अकरा अर्धवट फाइली होत्या. मी ते अक्षर घालून आज्ञा दिली, आणि पहिली फाइल थांबली होती तिथूनच पुढे सरकू लागली. यंत्राला हे इतकं सोपं. ‘नंतर’ म्हणून थांबवलेलं बोलणं कुठून सुरू करायचं, हे मात्र मला कळेना.

तासाभरात फाइल पूर्ण झाली. कथा सत्तेचाळिसाव्या पानावर आहे, असं अण्णांनी त्याच कागदावर लिहून ठेवलंय. मी ते पान अजून उघडलेलं नाही.