पोट मऊ होतं

आमच्या सीटी विभागाच्या डॉक्टरीणबाईंना अख्खं हॉस्पिटल पाठीमागे ‘कटकट’ म्हणतं. मी त्यांचा टेक्निशियन, त्यामुळे ती कटकट सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला येते. तरी सांगतो, बाई उगाच कधी भांडल्या नाहीत. भांडून काही उपयोग झाला, असंही कधी झालं नाही.

त्यांचं जुनं वैर एका पांढऱ्या औषधाशी. पोटाचा सीटी म्हटला की फोटोत आतडी उठून दिसावीत म्हणून पेशंटला ते ग्लासमागून ग्लास पाजायचं, ही वॉर्डांची सवय. त्यात तास-दीड तास सहज जातो. बऱ्याच दुखण्यांत ते चालून जातं. पण आतड्याचं रक्त अडल्याची शंका असेल, तर शिरेतून औषध सोडायचं आणि आतड्याची भिंत उजळते की नाही ते पाहायचं असतं. आत आधीच सगळं पांढरंफेक करून ठेवलं तर काय डोंबल दिसणार? बाईंनी हे समजावून सांगितलं, ओरडून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पाजणं चालू ठेवलं.

“जरा गोड बोलावं गं लोकांशी,” त्यांची आई फोनवर म्हणायची.

“गोड बोललं की एक ग्लास जास्त पाजतात, आई.”

त्या दुपारी बाई जेवून परतत होत्या. आमच्या दारासमोर स्ट्रेचरवर एक निवृत्त बसड्रायव्हर गुरासारखा ओरडत होता. शेजारी त्याची बायको आणि हातात पांढऱ्या औषधाचा ग्लास घेतलेली सिस्टर. बाईंनी त्याची नाडी धरली. ठोक्यांना ताळतंत्र नव्हतं.

“हे असे ठोके कधीपासून?”

“जुनंच आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या होत्या, मध्ये बंद केल्या,” बायको म्हणाली. “सकाळपासून पोट दुखतंय. डॉक्टरांनी दाबून पाहिलं. म्हणाले, पोट मऊ आहे, गॅस असेल, थांबा.”

“दुखणं एवढं आणि पोट मऊ, हीच तर आतड्याचं रक्त अडल्याची खूण आहे!” बाईंनी ग्लास हिसकावून बेसिनमध्ये ओतला.

“मॅडम, ऑर्डर आहे,” सिस्टर म्हणाली.

“खड्ड्यात गेली ऑर्डर!”

स्ट्रेचर त्यांनी स्वतःच आत ढकललं. मी शिरेतून औषध सोडलं, फोटो काढले. आतड्याकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी मध्येच तुटल्यासारखी थांबली होती. तिथे हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी अडकली होती. तिच्या पुढची आतडी उजळलीच नाहीत. बाईंनी सर्जनना फोन लावला.

“पण पोट मऊ आहे ना?” तिकडून आवाज आला.

“पोट राहू दे मऊ! आतडं मरतंय, या!”

ते आले, हे मान्य करायला हवं. ऑपरेशन लगेच झालं. पण लहान आतडं बहुतेक सगळं काळं पडलं होतं, काढून टाकावं लागलं. संध्याकाळी सर्जननी बाहेर येऊन सांगितलं, “वेळेत झालं, जीव वाचला.” वेळेत! हा शब्द ऐकून माझं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची बायको बाईंना शोधत आमच्या खोलीत आली. वॉर्डात तिला कोणी नीट सांगत नव्हतं.

“हे घरी आले की पूर्वीसारखं जेवतील ना हो?”

बाईंनी तिला खुर्ची दिली, दार लोटलं. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, “तोंडाने थोडं खातील. पण ते अंगी लावायला आतडं उरलेलं नाही. शिरेतूनच पोसावं लागेल. बहुतेक कायमचं.”

ड्रायव्हरची बायको रडली नाही. तिने पदराने हात पुसले, उगाचच, कोरडे होते ते. मग आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाली,

“पण आम्ही तर सकाळीच आलो होतो.”