काडीचा उजवा हात

काडीचं दुखणं सायकलमुळेच असू दे, एवढं एकच मागणं आईच्या मनात दिवसरात्र चाललेलं असायचं. सायकलमुळे असेल तर पाना घेऊन बरं करता येईल. नाहीतर ते दादाचं दुखणं. दादा म्हणजे आईचा थोरला भाऊ, काडीचा मामा. त्याचंही हातापासूनच सुरू झालं होतं, एवढं आईला माहीत होतं. शेवट तर तिने डोळ्यांनी पाहिला होता. पाण्याचा घोटसुद्धा त्याला गिळता येईना. घरात त्याचा विषय कुणी काढत नव्हतं, पण आईच्या मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकतच होती.

काडी ही थोरली लेक. लहानपणी हडकुळी म्हणून पडलेलं नाव तिशी उलटली तरी चिकटून राहिलं. ती कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून साचे यायचे, त्यावर मेण चढवून, कोरून ती एकेक दात बसवायची. नवा माणूस भेटला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघे. कुणाच्या घरी अल्बम उघडला की एखाद्या म्हातारीच्या हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून "हे माझे" म्हणे. बाबा म्हणायचे, हिला जावई शोधायचा तर बोळकाच शोधावा लागेल, आयुष्यभर कामाला तोटा नाही.

खिडकी नसलेल्या खोलीत दिवसभर मान खाली घालून बसायचं, म्हणून सुटीच्या दिवशी ती वाकड्या हँडलची सायकल काढून गावाबाहेर पळायची. सायकल जुनी, आधी कुणा उंच माणसाने वापरलेली. त्यामुळे खांदा आणि कोपर ठणकायला लागले तेव्हा सगळ्यांनी सायकलीवरच खापर फोडलं. सगळ्यात आधी आईने.

दुरुस्तीवाला मोठा बोलघेवडा. त्याने सायकल स्टँडवर चढवली, काडीला वर बसवलं आणि बाजूने न्याहाळलं. "ताई, तुम्ही सायकल नाही चालवत. तुम्ही दोरीवर कपडे वाळत घालताय."

सीटचं टोक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे अंग पुढे घसरून सगळा भार हातांवर येत होता. त्याने सीट सपाट केली. हँडलखाली चकत्या घालून ते वर उचललं, हँडल धरणारा लांब तुकडा काढून आखूड बसवला, कोपरं सैल ठेवायला सांगितलं.

आणि ठणका खरंच गेला. खांदा मोकळा, कोपर मोकळं. आईने त्या आठवड्यात भेटेल त्याला पकडून सीटच्या टोकाची गोष्ट ऐकवली. तिला जेवण गोड लागू लागलं. 

मग एका रविवारी ती गुडघा फोडून आली. उतारावर सायकल थांबलीच नाही, म्हणाली. आई तिला घेऊन तडक दुकानात गेली आणि ब्रेकवरून दुरुस्तीवाल्याला चार शब्द सुनावले. त्याने काडीला ब्रेकची मूठ दाबायला सांगितली. डाव्या हाताने दाबली गेली, उजव्याने निम्म्यावरच राहिली. तिची बोटं लहान पडत असतील म्हणून त्याने स्क्रू फिरवून उजवी मूठ आणखी जवळ आणली. काडीने ओठ आवळून जोर लावला. बोटं थरथरली, मूठ तिथंच.

"तार अडकली असेल," आई म्हणाली, आणि तिने स्वतः हात पुढे केला. मूठ लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

दुरुस्तीवाला चाकाकडे बघत राहिला. आईने मूठ सोडली, आणि तिला काडीकडे बघवेना.

बाहेर येऊन दोघी सायकल हाताने ढकलत निघाल्या. 

"ठणका थांबला ना, तेव्हाच मी घाबरले," काडी म्हणाली. "दुखत होतं तोवर हातात जोर नाही ते दुखण्यावर ढकलता येत होतं."

"थकवा असेल गं. काम काय कमी असतं का तुला?"

"आई, हल्ली मी डाव्या हाताने मेण कोरतेय. कुणाकुणाच्या तोंडात माझे वाकडे दात बसलेत देव जाणे." ती हसायला गेली आणि ते तिला जमलं नाही. "गुरुवारी नसांच्या डॉक्टरांकडे जातेय. घरात कुणाला काय होतं ते विचारतील. मामाच्या आजाराचं नाव काय होतं?"

आईला ते माहीतच नव्हतं. दादा परगावी राहायचा. डॉक्टर, तपासण्या, सगळं वहिनीने एकटीने निभावलं होतं, आणि तो गेल्यावर त्याबद्दल तोंडातून पुन्हा अक्षर काढलं नव्हतं. तिला आता विचारायचं म्हणजे का विचारतेय ते लपणार नाही. शिवाय वहिनीला स्वतःची दोन तरणी मुलं. हा प्रश्न आपल्या घरातून उठून तिच्या घरात शिरणार.

घरी आल्यावर वहिनीला विचारायचं निघताच बाबा म्हणाले, डॉक्टरांना आधी बघू तर दे, कशाला त्या बिचारीच्या जिवाला घोर लावतेस. आईलाही तेच हवं होतं. पण आतल्या खोलीत काडी केस बांधत होती. रबर बोटांतून निसटून खाली पडलं, तिने उचललं, ते पुन्हा पडलं.

मुलं संध्याकाळी फिरायला गेली की वहिनी घरात एकटी असते. मुलं परत यायच्या आत आईला वहिनीला फोन करून त्या आजाराचं नाव विचारायचं होतं.