मॅच थांबवणारी शीळ

शनिवार-रविवार मी घरात सापडत नाही, ही माझ्या बायकोची जुनी तक्रार. पाहुण्यांचा फोन आला तर ती सरळ सांगते, "शनिवारी ग्राउंडवर बघा, रविवारी माळावर. सोमवारी संध्याकाळी या, तेव्हा असतात माणसात." तिचं काही चुकत नाही. सरकारी कचेरीतली माझी कारकुनी. पूर्वी शनिवारीही फायलींवरची धूळ झटकावी लागायची. पाच दिवसांचा आठवडा झाला आणि मी मोकाट सुटलो.

शनिवार माझ्या जुन्या कॉलेजच्या फुटबॉलचा. सोलापुरात फुटबॉल म्हटलं की निम्मे लोक विचारतात, "आपल्याकडं खेळतात का ते?" खेळतात. गवताचं नाव नसलेल्या मुरमाच्या मैदानावर खेळतात, आणि पडलं की गुडघ्याची साल तिथेच ठेवून उठतात. मीही या कॉलेजच्या टीममध्ये होतो. म्हणजे राखीव होतो. म्हणजे खेळणाऱ्यांच्या चपला सांभाळायचो. पण जीव जडला तो जडलाच. मैदानाच्या एका अंगाला लिंबाखाली दगडी पायऱ्या आहेत, तिथे माझी जागा ठरलेली. शेजारी एक म्हातारे चाचा बसतात. आयुष्यभर यंत्रमागावर काम केल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं आणि ते बोलतात मात्र मोठ्यांदा. ते दख्खनीत आणि मी मराठीत, असे आम्ही दोघे मिळून रेफरीचा उद्धार करतो.

रविवार सायकलीचा. रक्तातली साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. चालण्याचा मला भयंकर कंटाळा. मग जाड टायरची, गिअरची सायकल घेतली आणि शहराबाहेरच्या माळावर घालायला लागलो. आमचा माळ काही देखणा नाही. मुरूम, कुसळं, कोरडे ओढे आणि टायरमध्ये घुसायला टपून बसलेले सराटे. पण सकाळच्या उन्हात चढ चढून वर गेलं, की चारी बाजूंना अडवायला काही नसतं. तिथे धापा टाकत उभं राहिलो की मला दर वेळी वाटतं, आपलं फार बरं चाललंय. देवाला हात जोडायला मी देवळात क्वचित जातो. माळावर मात्र जोडतो.

या दोन्ही नादांना मला एक साथीदार मिळाली, ती माझी मुलगी. रविवारी माळावर तिचीही सायकल माझ्यापुढे असायची. लहानपणी ती मैदानावर यायची ती खाऱ्या शेंगदाण्यांसाठी. मग बाहेर गेलेला बॉल आणून द्यायला लागली. मग गोलात उभी राहिली आणि तिथून हललीच नाही. गेल्या वर्षी ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मुलींच्या टीमची गोलकीपर होती. मुरमावर अशी बेधडक उडी घ्यायची, की तिच्या कोपरांवर खपली कधी पूर्ण धरलीच नाही. ती गोलात असली की मला बसवत नाही. मी उभा राहतो आणि चाचा माझा शर्ट ओढून मला खाली बसवतात. "बैठो मियाँ, बेटी तुम्हारी उछलती, तुम कायकू उछलते?"

त्या दिवाळीत तिने घरात जाहीर केलं. पदवी झाली की कोल्हापूरला जायचं, खेळाच्या शिक्षकाचा कोर्स करायचा आणि तिथल्या मुलींच्या टीममधून खेळायचं. होस्टेलवर, एकटीने. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं माहेर. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तोंडातून मात्र निघालं, "आण्णांना विचारू."

आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. गाव सांगोल्याकडच्या कोरड्या भागात, आणि आण्णा जन्मभर मेंढरांच्या मागे. वडील लवकर गेले. आण्णांनी शाळा सोडून काठी हातात घेतली आणि मला दप्तर दिलं. त्यांनी मलाही मेंढरांमागे घातलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. माझी नोकरी, माझा शनिवार, ही गिअरची सायकल, सुट्टीच्या दिवशी काही न करण्याची चैनसुद्धा, सगळं त्यांच्या त्या काठीवर उभं आहे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही, आमच्या घरात तसं कुणी बोलत नाही. त्याऐवजी मोठी गोष्ट असली की मी त्यांना विचारतो.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली होती. आण्णांची शीळ आमच्या भागात प्रसिद्ध. दोन बोटं तोंडात घालून अशी वाजवायचे, की पार लांब गेलेली मेंढरं जागच्या जागी वळायची. पोरवयात संध्याकाळी मीही त्याच शिळेवर घराकडे वळायचो. शिकायला म्हणून मी ट्रंक घेऊन सोलापूरला निघालो, तेव्हा आण्णा माळावर मेंढरांपाशीच थांबले. मी फाट्यापर्यंत चालत गेलो आणि वाटभर कान मागे ठेवून गेलो. शीळ आली असती तर ट्रंक टाकून परत पळालो असतो. ती आली नाही. एसटीत बसल्यावर मला रडू फुटलं. वाटलं, ह्यांना माझं जाणं काहीच वाटलं नाही.

तर मी "आण्णांना विचारू" म्हणालो आणि मुलगी उसळली.

"म्हणजे मी जायचं की नाही, ते मेंढरांमागे बसून आण्णा ठरवणार?"

"ते नाही म्हणाले तर माझ्याच्यानं तुला पाठवणं होणार नाही," मी म्हणालो. खरं होतं ते, आणि तिलाही माहीत होतं.

ती जरा वेळ नखं खात बसली. "ठीक आहे. मग आधी त्यांनी माझी मॅच बघायची. न बघता ठरवायचं नाही."

रास्त होतं. मी आण्णांना फोन लावला.

"कसली मॅच?"

"फुटबॉलची. आपली पोरगी खेळती."

"चड्डी घालून?"

"शनिवारी हाय मॅच," मी म्हणालो.

"येतो," म्हणाले आणि ठेवला.

आले ते नेमके मोठ्या मॅचला. जिंकलं तर फायनल, हरलं तर तिचं कॉलेजकडून खेळणं तिथेच संपणार होतं. वहिनींवर मेंढरं सोपवून, खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेऊन आण्णा पायऱ्या चढले. चाचांनी सरकून जागा दिली.

"आपली कुटं हाय?"

"ती तिकडं, गोलात."

"बाकीच्या पळत्यात. ही का उभी? पाय दुखतोय का काय?"

"तिनं तितंच थांबायचं असतंय, आण्णा."

"उनात? एकटीनं?" त्यांना ते मुळीच पटलं नाही. त्यानंतर मी बघत होतो, सगळं मैदान बॉलकडे बघत होतं आणि आण्णा तिच्याकडे.

पहिल्या हाफमध्ये समोरच्यांनी एक गोल केला. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या पोरी पेटल्या. शेवटची मिनिटं उरली तशी सगळी टीम पुढे धावली. आमची फॉरवर्ड दोघींना चकवून आत शिरली, समोर फक्त त्यांची गोलकीपर. मी उभा. आज चाचासुद्धा उभे. आणि एवढ्यात कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली.

सगळ्या पोरी थांबल्या. आमच्या फॉरवर्डने बॉलवर पाय ठेवला आणि 'आता काय झालं' म्हणून लाइनमनकडे बघायला लागली. समोरच्या टीमने हात कमरेवर ठेवले. रेफरी स्वतःही थांबला, हातातली शिट्टी वर धरून तिच्याकडे संशयाने बघू लागला.

"कौन बजाया रे?" चाचा गरजले. त्यांच्या कानांनाही ती ऐकू गेली होती.

मला वळून बघायची गरज नव्हती. ती शीळ मी झोपेतही ओळखीन. आण्णा शांतपणे दोन बोटं धोतराला पुसत होते.

"आण्णा, काय केलं हे!"

"आरं, समद्या पोरी पुढं निघून गेल्या की. आपली एकटी मागं राहिली. म्हणून वळवल्या." मग त्यांचा चेहरा उजळला. "आन् वळल्या बी!"

मैदानाच्या त्या टोकाला एकच मुलगी अशी होती, जी रेफरीकडे बघत नव्हती. ती आमच्या पायऱ्यांकडे बघत होती. दर मे महिन्याच्या सुट्टीत गावी तिने ती शीळ ऐकलेली होती.

रेफरीने येऊन आम्हाला चार शब्द सुनावले. मग नियमाप्रमाणे त्याने बॉल त्यांच्या गोलकीपरपुढे टाकून खेळ पुन्हा चालू केला, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. थोड्या वेळाने खरी शिट्टी वाजली. आम्ही एका गोलने हरलो.

मागून कुणी हसत होतं, कुणी शिव्या देत होतं. आण्णांना हळूहळू उमगलं. "माझ्यामुळं गेलं व्हय?"

"गोल झालाच असता असं काय न्हाय," मी म्हणालो.

"हो जाता था," चाचा म्हणाले. "सौ टक्का हो जाता था." आणि मग त्यांनाच दया आली असावी, आपल्या हातातली शेंगदाण्यांची पुडी त्यांनी आण्णांपुढे धरली. आण्णांनी घेतली, पण खाल्ली नाही.

मुलगी आली. तोंडावर मुरमाची धूळ, कोपरातून रक्त, आणि डोळे भरलेले. मी मनात म्हणालो, आता काही खरं नाही. पण ती काही बोलायच्या आधीच आण्णा उभे राहिले. पुतणीसमोर चुलता उभा राहतो असं मी आमच्यात पाहिलेलं नाही.

"चुकलं पोरी माझं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला टाकून गेल्या."

"टाकून कशाला जातील?" ती तडकलीच. "मीच त्यांना पुढे जा म्हणून ओरडत होते. घसा बसला माझा. ऐकू नाही आलं तुम्हाला?"

"तूच म्हणत हुतीस?"

"मीच."

आण्णा परत खाली बसले. आम्ही घरी आलो. बायकोने जेवायला वाढलं, तर अर्ध्या भाकरीवर उठले. कोल्हापूरचा विषय मी काढला नाही. काढला असता तर त्या दिवशी ते कदाचित शरमेपोटी हो म्हणाले असते, आणि तसलं हो मला नको होतं. मुलगी दार लावून झोपली. निजायला जाताना आण्णा म्हणाले, "उद्या गावाकडं चला दोघं. त्या सायकली बी घ्या संगट."

सकाळी आम्ही माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपच्या टपावर सायकली बांधल्या आणि गावी गेलो. वहिनींचा चहा घेऊन आम्ही तिघे माळावर आलो. मेंढरं चरत होती. पलीकडच्या रानात शाळूची ज्वारी कणसात आली होती. आण्णांनी माझ्या सायकलीभोवती एक चक्कर मारली, गिअर मोजायचा प्रयत्न केला, मग धोतर खोचून चढले आणि थोडं अंतर जाऊन उतरले. "ह्या बैठकीपरास दगूड बरा," म्हणाले, आणि खरोखरच एका दगडावर जाऊन बसले. कालपासून पहिल्यांदाच मुलगी हसली.

"मी जाऊन येते," म्हणून तिने पायडल मारलं. एरवी मीही मागोमाग निघतो. त्या दिवशी आण्णांजवळ थांबलो.

ती कोरड्या ओढ्यात उतरली, पलीकडून वर आली, चढाला लागली. मागे वळून बघितलं नाही. सायकल लहान लहान होत गेली. आण्णांची नजर कालच्यासारखीच तिच्यावर. मग त्यांचा हात वर गेला आणि दोन बोटं तोंडात गेली.

ती शीळ वाजली असती तर मुलगी वळली असती. माझं रक्त आहे, वळलीच असती. आणि त्यानंतर कोल्हापूरचं नाव मी घरात काढू शकलो नसतो. त्यांचा हात धरावा असं वाटलं, पण धरवला नाही.

बोटं तशीच राहिली. ती चढ चढून वर पोचली, क्षणभर आभाळावर दिसली आणि पलीकडे उतरली. आण्णांनी बोटं काढली, धोतराला पुसली आणि हात गुडघ्यावर ठेवला.

"कोल्लापुरात पाऊस लई म्हणत्यात," ते म्हणाले. "माझं नवं घोंगडं हाय घरात. न्हेऊ दे तिला."

मला इतक्या वर्षांत म्हणालो नाही ते म्हणायचं होतं, की आण्णा, माझं जे काही चांगलं झालं ते तुमच्यामुळं. पण त्या धोतराला पुसलेल्या बोटांकडे बघता बघता माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"आण्णा, मी ट्रंक घेऊन गेलो त्या दिशी... तवा बी बोटं तोंडात घातली हुती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. एक मेंढरू शाळवाकडे सरकत होतं, त्याच्या दिशेने एक खडा भिरकावला.

"एसटी दिसायची बंद हुईस्तवर," ते म्हणाले.