बाटली पाच जणांची

मला चावलेलं कुत्रं आमचंच होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी जो भेटला त्याने हाच प्रश्न पहिल्यांदा विचारला आणि उत्तर ऐकून पोटभर हसून घेतलं. कुत्र्याचं नाव साहेब. केळीच्या बागेत राखणीला असतो आणि नावाला जागून दिवसभर काहीही करत नाही. त्या सकाळी खापर गावी पुतण्याचा साखरपुडा होता. मी आंघोळ केली, इस्त्रीचे पांढरेशुभ्र कपडे घातले, वर अत्तर लावलं आणि अंगणात आलो. साहेबाने सहा वर्षांत मला चिखलाशिवाय पाहिलेलं नव्हतं. हा गोरागोमटा चोर कोण आला, म्हणून त्याने सरळ माझी पोटरी धरली!

मंगलाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, जखम साबणाने अशी घासली की कुत्रं परवडलं. साखरपुडा राहिला आणि आम्ही गावच्या आरोग्य केंद्रात पोचलो.

"काय झालं?" केस पेपरच्या खिडकीतून कारकुनाने विचारलं.

"कुत्रं चावलं."

"कोणाचं?"

"आमचंच."

"मग ते घरगुती झालं," असं म्हणून त्याने मोबाइलात डोकं घातलं.

केस पेपर मिळायला दीड तास लागला. आधी पेन नव्हतं. पेन आलं तर कागद संपले. दोन्ही आले तेव्हा कारकून चहाला गेला होता. डॉक्टर मीटिंगला. (ते कायम मीटिंगलाच असतात. त्यांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, आणि फोटोतही ते मीटिंगलाच बसलेत!)

शेवटी सिस्टरसमोर पाय ठेवला. तिने पायाकडे नाही, माझ्या मागे पाहिलं.

"बाकीचे कुठे आहेत?"

"कोण बाकीचे?"

"भाऊ, या इंजेक्शनची बाटली पाच जणांची असते. एकदा फोडली की ठेवता येत नाही. तुम्ही एकटे. आणखी चार आणा."

"चावलेले?"

"नाही, वाजंत्री! चावलेलेच ना!"

"अहो, माझ्या एकट्यासाठी फोडा की!"

"आणि चौघांचं औषध ओतू मोरीत? मागच्या वर्षी इथंच टेबल आपटून कोण बोललं होतं, औषधाचा थेंब वाया गेला तर खपवून घेणार नाही म्हणून?"

मीच बोललो होतो. मी या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीचा सदस्य आहे. टाळ्याही पडल्या होत्या. सगळ्यात जोरात हिच्याच!

"आहो, नंदुरबार चला ना," मंगला म्हणाली. "पाऊन तासमा पोचसूत."

"समितीना मानूस सुईसाठे नंदुरबारले जास का? लोके काय म्हनतीन!"

मी मान ताठ ठेवून म्हणालो. पण रेबीज एकदा झाला की त्यावर औषध नाही, हे मलाही ठाऊक होतं आणि मंगलालाही. तिने बाटलीतलं पाणी माझ्यापुढे धरलं. "पी ल्या." मी प्यालो. ती माझ्या तोंडाकडे निरखून पाहत राहिली. "पानीनं भ्या तं नई वाटस ना?" त्यानंतर दर दहा मिनिटांनी मला तांब्याभर पाणी! कुत्र्याने मरेन की नाही माहीत नाही, बुडून नक्की मरणार होतो.

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी लिहिलं, 'कोणाला कुत्रं चावलं असल्यास त्वरित संपर्क साधावा.' सत्तावीस अंगठे आले. दोघांनी 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं. एकाने विचारलं, आधार कार्ड लागेल का? दुसऱ्याने विचारलं, आधीचं चावलेलं चालेल की नवीन लागेल? लोकांना योजना वाटली! एरवी आमच्या गावात संध्याकाळी सायकल चालवायची सोय नाही, पण नेमकं त्याच दिवशी गावचं एकूण एक कुत्रं सुधारलं होतं.

मग शेजारचे दगा आबा आठवले.

"आबा, तुम्हले कुत्रं चावनं व्हतं ना?"

"तीन दिन व्हई गयात, भाऊ. मी वर तिखं दाबी दिनं. आते काय नई."

"आबा, तिखानं काय व्हस? चावनं ते खरं शे ना? मंग चला, बठा गाडीमा!"

एक झाला. प्रकाशा गावी माझा शालक राहतो, त्याने फोनवर दोन भाऊ शोधून दिले. नदीच्या घाटावर नारळ विकतात, एकाच कुत्र्याने एकाच सकाळी दोघांना प्रसाद दिलेला. केळी वाहायची पिकअप घेऊन मी त्यांना आणलं. वाटेत पंक्चर झालं, ते मीच काढलं. चौथ्या आमच्या शाळेतल्या बाई, त्यांना मांजराने ओरबाडलं होतं. मांजर चालतं का, हे सिस्टरला फोन करून विचारलं. चालतं म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी मांजराचंही नाव विचारून घेतलं!

दुपारी अडीच वाजता पाचही जण केंद्रात हजर. आणि सहावा साहेब. पिकअपच्या मागे केव्हा चढला कोण जाणे!

सिस्टरने मोजलं, फ्रीज उघडला, बाटली फोडली. "पहिलं कोण?"

आता आमच्या घरची रीत अशी, की पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय यजमान पानावर बसत नाही. आणि ही चार माणसं मी बोलावून, गाडीत घालून आणलेली! मी हात जोडले. "आबा, पहिले तुम्ही."

"नई रे भाऊ, तुन्हा मान शे."

"असं कसं? तुम्ही पाहुना!"

आबा झाले. दोघे भाऊ झाले. बाईंना तर मी खुर्ची पुसून दिली. आणि एवढ्यात बाहेरून अशी किंकाळी आली की औषधांच्या कपाटाच्या काचा वाजल्या. केस पेपरचा कारकून साहेबाला फायलीने हाकलायला गेला होता. साहेबाला इस्त्रीचे कपडे आवडत नाहीत, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं!

तो लंगडत आत आला आणि स्टुलावर बसला. "सिस्टर, ड्यूटीवर चावलं!" सिस्टरने डोळ्याचं पातं लवायच्या आत टोचलं आणि रिकामी बाटली बादलीत टाकली.

"माझं?" मी विचारलं.

तिने पुन्हा माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"भाऊ, तुम्ही एकटेच राहिलात की. आणखी चार आणा."

मंगलाने तांब्या पुढे केला. (काळजी नको. संध्याकाळी नंदुरबारला जाऊन टोचून आलो. समितीचा राजीनामाही वाटेतच लिहिला.) पण त्या घटकेला मी पायरीवर जाऊन मटकन बसलो. कपडे चिखलाने, ग्रीसने, घामाने भरले होते. साहेब दबकत आला, त्याने मला वरपासून खालपर्यंत हुंगलं आणि एकदम शेपूट हलवत माझा हात चाटायला लागला.

अख्ख्या आरोग्य केंद्रात आपल्या समिती सदस्याला ओळखणारा तो एकटाच निघाला!